चिठ्ठीवरची तिसरी ओळ

येवला, ७ जानेवारी २०२५

हारुन,

सलाम. तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं कामात असशील, मग वाटलं नंबर बदलला असेल. शेवटी अलिशा म्हणाली, अम्मी, चाचांनी आपल्या तिघांचेही नंबर ब्लॉक करून ठेवलेत. म्हणून हे पत्र. पत्र ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पिंपळगावच्या ज्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तू आहेस त्याचा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस, त्या बिचाऱ्याला मी फार छळलं.

मराठीत लिहितेय, कारण माझं उर्दू अक्षर तुला लागत नाही आणि तुझं कुणालाच लागत नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू सातवीत होतास. माझ्याकडून 'माझा आवडता पक्षी' लिहून घेतलास आणि तोच निबंध दहावीपर्यंत चालवलास. तेव्हा भाभीचं अक्षर चालत होतं, आताही चालवून घे.

घरी ठीक आहे. अलिशाची बारावीची परीक्षा पुढच्या महिन्यात. चहा हवा का असं दारातून विचारलं तरी अंगावर येते, म्हणजे अभ्यास चालू असावा. तुझ्या भाईजानचे डोळे मात्र बिघडले आहेत. हा तिसरा चष्मा. मागावर बसतात, पण कापड पुढे सरकत नाही. तुझ्या अब्बांचेही डोळे याच वयात गेले होते, पैठणी विणणाऱ्या घरात हे चालायचंच. सध्या मागावर मोठ्या पदराची साडी आहे. असा पदर दोघांनी शेजारी बसूनच विणावा लागतो, तेव्हा तुझ्या जागेवर मी बसते. कांड्यांवर रेशीम भरण्यात आयुष्य गेलं, आता पन्नाशीकडे झुकताना बाई विणायला शिकली म्हणून हस.

त्या भांडणाबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यांनी पदराची तुझी अर्धी बाजू तीनदा उसवली, चौथ्यांदा तू उठलास आणि बॅग भरलीस. त्याला जूनमध्ये दोन वर्षं होतील. तू विणलेल्या पदरावरच्या मुनिया-पोपटांमध्ये चूक होती की नव्हती, हे मला ठाऊक नाही. तुम्ही दोघं भाऊ, तुम्ही जाणे.

मागायचं काहीच नाही. खुशाली कळव, एवढंच.

तुझी भाभी
मेहरुन्निसा


येवला, ३० जानेवारी

हारुन,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला रोज विचारते, तो आता मला बघून सायकल लांबून नेतो.

डोळ्यांचं मी खोटं लिहिलं होतं. चष्मे खरंच तीन झाले, पण डोळ्यांना काही झालेलं नाही. खरं काय ते लिहिते, म्हणजे निदान एका माणसापाशी तरी खरं बोलल्यासारखं होईल.

पहाटेची नमाज झाली की हे मागाच्या खड्ड्यात उतरतात. पाय माग चालवायच्या पावड्यांवर, हात मांडीवर. आदल्या दिवशी जे विणलं असेल ते आधी उसवून काढतात, अगदी शांतपणे, एकेक धागा. मग चार धागे टाकतात आणि बसून राहतात. जेवायला हाक मारली की वर येतात, अर्धी भाकरी ताटात ठेवून परत उतरतात. त्यांची बाजू उसवली की माझी बाजूही थांबते, कारण एक अर्धा पुढे आणि एक मागे असं कापड होत नाही, हे मी तुला काय सांगायचं. मी विचारलं, "चूक होती का?" म्हणाले, "असेल." आंघोळीलाही सांगावं लागतं. एकदा म्हणाले, "मेहरू, खड्ड्यात उतरलं की वर यावंसं वाटत नाही." मी म्हटलं, "गुडघे दुखतात का?" खरं सांगते, मला कळलं होतं ते गुडघ्यांबद्दल बोलत नाहीत. पण गुडघ्यांना बाम असतो.

डोळ्यांचं निमित्त मीच काढलं. मागावर साडीच्या दुकानाचं रेशीम आहे, दुकानाची जर आहे. डोळे गेले म्हटलं की दुकान थांबतं, दया दाखवतं. डोकं बिघडलं म्हटलं तर माग रिकामा करून नेतील, अशी मला भीती. असं कुणाचं झालेलं मी स्वतः पाहिलेलं नाही. पण भीतीला पाहिलेलं लागत नाही. मग दुकानाला डोळे सांगितले, शेजारी डोळे सांगितले, इथल्या सरकारी दवाखान्यातही डोळेच सांगितले. त्यांनी नाशिकच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, डोळ्यांच्या विभागाची.

गेल्या मंगळवारी गेलो. डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी तिन्ही चष्मे टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "यातला एकही यांना लागत नाही. यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." मग यांच्याकडे बघत राहिले. "झोप लागते का?" हे म्हणाले, "लागते. उठल्यावर वाटतं, लागली नव्हती." डॉक्टरांनी त्याच कागदावर लिहिलं, मानसोपचार विभाग, खोली चौदा. मला म्हणाले, "याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. आजच दाखवून जा."

जिन्यापर्यंत गेलो. जिन्यावर आपल्या ओळखीचं कुणी नव्हतं, तरी मी ओढणी पुढे ओढली. यांना म्हटलं, बसची वेळ झाली. नाशिकहून येवल्याची बस तासातासाला असते. हे माझ्यामागे चालत आले. तो कागद आता जरीच्या रिकाम्या रिळांच्या डब्यात आहे. त्या डब्यात कुणी हात घालत नाही.

मेहरुन्निसा


येवला, २२ फेब्रुवारी

हारुन,

हसायचं असेल तर हस, मलाही एकदा हसू आलं होतं.

दुकानाचा मल्हारी दर आठवड्याला कापड मोजायला येतो. लागोपाठ तीन आठवडे त्याच्या टेपवर तोच आकडा आला. मला वाटलं, आता रेशीम उचलतो. तर तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "भाभी, मोतीबिंदूच हाय, माझ्याकडून लिहून घ्या. आमच्या सासऱ्याचं आसंच झालं व्हतं. सोमवारी शिबिर हाय, गाडी दारात येती. मी नाव टाकून आलो मुबीनभाईंचं." चार महिने ज्याला डोळे डोळे म्हणून सांगितलं, त्याने डोळ्यांचा बंदोबस्त केला. मी म्हटलं, "उपकार झाले."

सोमवारी गाडी आली. हे गाडीत बसले. कुणी कुठेही बसवलं तर बसतात, आता तसंच झालंय. दिवसभर त्यांना तिथे रांगेत बसवलं, डोळ्यांत थेंब घातले, आणि संध्याकाळी मोतीबिंदू नाही म्हणून परत पाठवलं. आले तेव्हा उजेड सोसत नव्हता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि सदऱ्यावर नंबराची चिकटपट्टी तशीच. मी पट्टी काढली. म्हटलं, "अहो, तिथे सांगायचं नाही का, माझे डोळे बरे आहेत म्हणून?" तर म्हणाले, "तू सगळ्यांना सांगतेस बिघडलेत. मला वाटलं, बिघडले असतील."

हारुन, त्या वेळी मला स्वतःची इतकी किळस आली की मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. अलिशाचा दुसऱ्या दिवशी पेपर होता.

मग ठरवलं, चिठ्ठी घ्यायची, खरी. डब्यातला कागद होता, पण तो महिन्याभराचा जुना, आणि तो घेऊन गेले असते तर 'तेव्हा का नाही आलात' याचं उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून पुन्हा इथल्या दवाखान्यात. केसपेपरच्या खिडकीत भिकन बसतो, तुझ्याबरोबर क्रिकेट खेळायचा तोच, आता टक्कल पडलंय. काचेमुळे त्याला नीट ऐकू जात नाही, मोठ्याने सांगावं लागतं काय होतंय ते. मागे रांग. त्या रांगेत आपल्या गल्लीतल्या दोन बायका. मी म्हटलं, "गुडघे." गुडघ्यांच्या गोळ्या घेऊन घरी आले. अजून आहेत, तुला हव्या तर पाठवते.

दोन दिवसांनी परत गेले. या वेळी डोळे मिटले आणि ओरडूनच सांगितलं, "माझ्या नवऱ्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवायचंय, नाशिकला. त्याची चिठ्ठी हवी." मागे वळून पाहिलं नाही. भिकनने शिक्का मारला आणि म्हणाला, "मग त्यांनाच आणा ना भाभी, पेशंटला बघितल्याबिगर मॅडम लिहीत नाय. आमच्या आईला बी तिथलीच गोळी चालू हे, लय वर्षं झाली. उद्या या, मॅडम लय चांगल्या हे." मागची बाई म्हणाली, "सरका की आता." एवढंच. ज्या खिडकीला मी इतके दिवस घाबरले, तिथे एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी यांना घेऊन गेले. मॅडम तरुण आहेत, डॉक्टर मनीषा. अर्धा तास विचारत होत्या. जेवण, झोप, नमाजला जातात का, लोकांत बसतात का. हे हो-नाही म्हणत होते. मग मॅडमनी विचारलं, "हे कधीपासून?" मीच उत्तर दिलं. म्हटलं, "धाकटा भाऊ भांडून घर सोडून गेला, तेव्हापासून."

त्यांनी ते लिहून घेतलं. चिठ्ठी इंग्रजीत आहे, अलिशाने वाचून दाखवली. पहिल्या ओळीत नाव, वय. दुसऱ्या ओळीत झोप नाही, भूक नाही, काम सुटलं, उदास. तिसऱ्या ओळीत लिहिलंय, धाकटा भाऊ घर सोडून गेल्यापासून.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. पण चिठ्ठीवर ते आहे, आणि तुला ठाऊक असावं असं वाटलं.

मेहरुन्निसा


येवला, १५ मार्च

हारुन,

द्राक्षं मिळाली. टेम्पोवाला पेटी दारात ठेवून निघून गेला, नाव विचारेपर्यंत थांबलाही नाही. पेटीवर तुमच्या पॅकहाऊसचा शिक्का होता. आत चिठ्ठी नव्हती. मी प्रत्येक घडाखालचा कागद उलटून पाहिला, एका कागदावर काहीतरी लिहिलेलं दिसलं, तर ते वजन होतं.

इफ्तारीला सगळ्यांनी खाल्ली. यांनी एक घड उचलला आणि विचारलं, "कुठून आली?" मी म्हटलं, "पिंपळगावहून." हात थांबला. मग त्यांनी तो घड ताटलीत घालून मागाजवळ नेऊन ठेवला, तुझ्या बाजूच्या फळीवर. चार दिवस तिथेच होता. मुंग्या लागल्यावर मीच उचलला. ते बघत होते.

आता कामाचं. नाशिकला नव्या पेशंटला ते मंगळवारी बघतात. रमजानात यांना एवढा प्रवास नको म्हणून ईदनंतरचा मंगळवार धरलाय, ८ एप्रिल. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलीय, रिळांच्या डब्यात नाही. पण हे म्हणतात, येत नाही. भांडत नाहीत, नुसतं म्हणतात, "कशाला? तू ये जाऊन." जशी मी त्यांच्या वतीने वेडी होऊन येणार आहे. सक्ती करून बसमध्ये घालता येतं, पण माणूस डॉक्टरांसमोर तोंड उघडणार नसेल तर काय उपयोग?

मी एकटीने त्यांना खड्ड्यातून बाहेर काढू शकत नाही, हे मला आता कळलंय. सकाळी उठवा, आंघोळ घाला, चार घास घाला, मल्हारीला थोपवा, शेजारणींना हसून बोला, अलिशासमोर ठीक असल्याचं दाखवा. मी दमलेय, हारुन. अंग दुखून दमतो तसं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी उठावंसं वाटत नाही, तसं. परवा डाळ जळली आणि मी बसून वास घेत राहिले.

तू आलास तर ते येतील. पूर्वीही तू हाक मारलीस की ते हातातलं सोडून यायचे. माफी मागू नकोस, बोलू नकोस, हवं तर माझ्याशीही बोलू नकोस. फक्त त्या दिवशी सकाळी ये आणि दारात उभं राहून म्हण, चल भाईजान. अलिशाला रोज सांगते, चाचा येतील. ती म्हणते, अम्मी, नका सांगत जाऊ.

तुझी भाभी


येवला, ९ एप्रिल

हारुन,

तू आला नाहीस. सात वाजेपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. मग अलिशाने यांचा हात धरला आणि म्हणाली, "अब्बू, मला नाशिक बघायचंय." अठराव्या वर्षी पोरगी नाशिक बघायचं म्हणते! पण ते उठले. तिने ओढलं म्हणून नाही, तिचा आवाज फाटला म्हणून. तुझ्यावर रागावून लिहायचं ठरवलं होतं, पण कालच्या दिवसानंतर तो हक्क मला राहिलेला नाही.

खोली चौदाबाहेर दोन तास बसलो. आमच्यासारखीच माणसं होती. एक सिन्नरचा कंपनीतला माणूस युनिफॉर्मवरच आला होता, एक म्हातारी डबा उघडून शेव खात होती. मी ओढणी पुढे ओढली नाही. ओढायला हात उचलायचा कंटाळा आला म्हणून असेल.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. चाळिशीचे असतील, तेही थकलेले दिसत होते. वाचून यांना म्हणाले, "भाऊ घर सोडून गेला, तेव्हापासून त्रास होतोय?"

आणि तुझ्या भावाने मान वर केली. म्हणाले, "नाही. त्याच्या आधीपासून."

मी म्हटलं, "अहो, आधी कुठे..."

डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं. हे बोलत होते. एवढं एका दमात मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. म्हणाले, "तो माझ्यामुळे गेला. मी त्याची बाजू उसवली, तीनदा. पोराचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"मग का उसवलीत?"

"चूक दिसायची."

"होती का?"

"नव्हती. पण विणून झालं की सगळंच चुकलेलं दिसायचं. तो गेल्यावर माझ्या बाजूला दिसायला लागलं."

डॉक्टरांनी विचारलं, "मरावंसं वाटतं का?" असं सरळ, भाजीचा भाव विचारावा तसं. मी अलिशाला बाहेर थांबवलं होतं ते बरं झालं. हे म्हणाले, "त्यालाही उठावं लागतं ना, डॉक्टरसाहेब." डॉक्टर लिहायचे थांबले. मग मला समोर बसवून त्यांनी नीट समजावलं. यांना काही आठवडे एकटं सोडायचं नाही, गोळ्या माझ्या ताब्यात ठेवायच्या, तीन-चार आठवड्यांनी फरक दिसेल, मध्येच बंद करायच्या नाहीत, जास्त वाटलं तर कोणत्याही दिवशी घेऊन यायचं. हा आजार आहे आणि तो बरा होतो, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले.

आता माझं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, चूक होती की नव्हती हे मला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. त्यांनी तुझी बाजू तिसऱ्यांदा उसवायला घेतली त्या सकाळी तू झोपला होतास. ते नमाजसाठी वजू करायला, हातपाय धुवायला उठले तेवढ्यात मी सुई घेऊन मागावर वाकले आणि मोजलं. तुझ्या मुनियांच्या चोचीचे धागे मोजले, पंखाचे मोजले, नक्षीच्या कागदाशी ताडून पाहिले. एक धागा इकडचा तिकडे नव्हता. मी सुई होती तिथे ठेवली आणि चहा टाकायला गेले. ते परत आले, उसवायला बसले. नंतर तू उठलास आणि मला विचारलंस, "भाभी, तू सांग, माझं चुकलंय का?" आणि मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं."

कारण तुझं बरोबर असेल तर यांच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, असा अर्थ होत होता. ते मला झेपलं नसतं. त्यापेक्षा तू चुकलेला परवडत होतास. दोन वर्षं मी तुला चुकलेला ठेवला आणि मग तेच डॉक्टरीणबाईंकडून सरकारी कागदावर लिहूनही घेतलं.

तुझं चुकलं नव्हतं. हे एक वाक्य त्या दिवशी ओट्यापाशी उभं राहून म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर तू घरात असतास आणि यांना दोन वर्षं आधी डॉक्टर मिळाला असता.

माफी मागत नाही, कारण तू देऊन टाकशील.

मेहरुन्निसा


येवला, २८ एप्रिल

हारुन,

शुक्रवारी अलिशाच्या मोबाइलवर तुझा फोन आला. तू काही बोलला नाहीस, पण मागे पेट्या आपटल्याचे आवाज येत होते, कुणीतरी ट्रकवाल्याला शिवी दिली. मी म्हटलं, "जेवलास का?" तू म्हणालास, "हं." आणि ठेवलास. त्या 'हं'वर मी दोन दिवस काढले.

यांना तीन आठवडे झाले गोळ्यांना. पहिले आठ-दहा दिवस नुसते पेंगत होते, मला वाटलं चुकलंच आपलं. आता झोप लागते. भाकरी पूर्ण जाते. गुरुवारी त्यांनी दोन बोटं विणलं. शुक्रवारी सकाळी मी धाकधुकीने जाऊन पाहिलं, तर ते तसंच होतं. शनिवारी त्यातलं अर्धं उसवलं. डॉक्टर म्हणालेच होते, सरळ रेषेत होणार नाही. मल्हारीला मी खरं सांगून टाकलं. तो बराच वेळ टेप गुंडाळत बसला, मग म्हणाला, "मग शिबिराला कशाला पाठवलं वो भाभी, माणसाला दिवसभर ताटकळत ठिवलं." रेशीम अजून मागावरच आहे. दुकान पुढे काय म्हणेल ते माहीत नाही.

आज मी डॉक्टर मनीषांकडे गेले होते. चिठ्ठी पुढे केली आणि म्हटलं, मॅडम, ही तिसरी ओळ चुकीची आहे, मी चुकीचं सांगितलं होतं, बदलून द्या. त्या म्हणाल्या, "ताई, चिठ्ठीचं काम झालं. तिकडे ट्रीटमेंट सुरू झाली, आता हा कागद कुणी बघणार नाही." मी म्हटलं, "बघणारा एक आहे." बाहेर तीस पेशंट होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन उघडलं, ओळ खोडली, वर नीट लिहिलं आणि बाजूला सही केली. अलिशाने वाचून दाखवलं. आता तिथे आहे, भाऊ घर सोडून जाण्याच्या आधीपासून, भावाच्या जाण्याशी संबंध नाही.

खाली उतरल्यावर झेरॉक्स काढली. सोबत ठेवली आहे. मूळ कागद यांच्या फाइलमध्ये लागेल, नाहीतर तोच पाठवला असता.

पत्र पाकिटात घालण्याआधी यांना म्हटलं, तुम्ही एक ओळ लिहा हारुनला. पेन हातात धरून बसले. मग म्हणाले, "उद्या लिहितो." मी आग्रह केला नाही. उद्या म्हणाले, हेही पुष्कळ झालं. पण मी पत्र आजच टाकतेय, मला उद्याची खात्री धरायची सवय अजून लागायची आहे.

६ मेला, मंगळवारी, पुन्हा दाखवायला बोलावलंय. येवल्याला यायची गरज नाही, तू पिंपळगावहून थेट नाशिकला उतर. मोठा सरकारी दवाखाना, वरचा मजला, खोली चौदा. आम्ही दहापर्यंत पोहोचू. खोलीबाहेर एक बाकडं आहे, जेमतेम दोघांपुरतं. गेल्या वेळी त्यावर हे बसले आणि बाजूला मी पिशवी ठेवली होती.

या वेळी पिशवी हातात धरीन. मी उभी राहीन.

भाभी